पेरणीआधी अपेक्षांचा हिशेब: घरचा व्यवहार नव्यानं हाती आलेल्यांसाठी

वडिलांनी किंवा सासऱ्यांनी "आता तूच पाह्य बाप्पा" म्हणून सोसायटीचं (गावच्या पीककर्ज देणाऱ्या संस्थेचं) पासबुक तुमच्या हाती दिलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. शेती कशी करायची हे सांगणारे गावात ढीगभर असतात. मृगापासून उलंगवाडीपर्यंत, म्हणजे कापसाच्या शेवटच्या वेचणीपर्यंत, डोकं ठिकाणावर कसं ठेवायचं हे मात्र कुणी सांगत नाही. सांगितलंच तर "टेन्शन घेऊ नको" एवढंच, आणि त्याचा उपयोग शून्य.

खालची पद्धत मूळची माझी नाही. झोप उडाली होती त्या दिवसांत जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागातल्या समुपदेशक ताईंनी मला वहीत लिहायचं काम नेमून दिलं होतं. ते मी हळूहळू कास्तकारीच्या हिशेबाला जोडून घेतलं. आता आमच्या गटात दरवर्षी पेरणीआधी नव्या पोरापोरींना घेऊन आम्ही हेच करतो.

आधीच सांगून ठेवतो. पाऊस दडी मारतो, भाव पडतो, व्याज चढतं, हे सगळं खरं आहे. विचार बदलून कर्ज फिटत नाही, आणि फिटतं असं सांगणाऱ्यापासून चार हात लांब राहा. पण तोच पाऊस आणि तोच भाव असून एक घर तग धरतं आणि शेजारचं कोलमडतं, हेही आपण पाहतोच. कर्जाचा बोजा सारखाच असतानाही असं होतं.

रिचर्ड लाझारस आणि सुसान फोकमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1984 मध्ये याची नेटकी मांडणी केली. अडचण समोर आली की माणूस मनातल्या मनात दोन प्रश्न विचारतो. यानं माझं काय बिघडणार? आणि ते निस्तरायला माझ्याजवळ काय आहे? पहिल्याचं उत्तर मोठं आणि दुसऱ्याचं लहान आलं की ताण चढतो. ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही रसायनं अंगात वाढतात, छाती धडधडते, पोटात गोळा येतो, पहाटे तीनला डोळे टक्क उघडतात. चार दिवसांचं संकट असेल तर शरीर सावरतं. पण कोरडवाहू शेतीतलं वाट पाहणं जूनला सुरू होतं ते फेब्रुवारीपर्यंत चालतं. इतके महिने अंग ताठच राहिलं तर झोप, पचन, रक्तदाब सगळ्यालाच धक्का बसतो.

आपण इथे पहिल्या प्रश्नाकडे पाहणार आहोत. "माझं काय बिघडलं" हे आपण मनात धरलेल्या आकड्याशी ताडून ठरवतो, आणि तो आकडा बहुतेक वेळा आपला नसतोच. कुणीतरी आपल्या डोक्यात ठेवून गेलेला असतो.

लागणारं सामान

- दोनशे पानी वही. मोबाईलवर लिहू नका, घरातल्या सगळ्यांना वाचता आलं पाहिजे.
- जितक्या वर्षांच्या मिळतील तितक्या बाजार समितीच्या काटापट्ट्या (मालाच्या वजनाच्या चिठ्ठ्या) आणि व्यापाऱ्याच्या पावत्या
- सोसायटी आणि बँकेचं पासबुक, कर्ज खात्याचा उतारा
- कृषी केंद्राची बिलं आणि उधारीची चिठ्ठी
- सातबारा (किती एकरात काय होतं ते आठवायला)
- घरातली सगळी मोठी माणसं एका जागी, रात्रीच्या जेवणानंतर. हे सामान जमवणं सगळ्यात अवघड.

पायरी 1: आकडा कुठून आला ते शोधा

वहीच्या पहिल्या पानावर लिहा: यंदा सोयाबीन काय भाव जाईल असं मला वाटतं? कापूस काय भाव? एकरी किती पिकेल? फार विचार न करता लिहा. मग प्रत्येक आकड्यापुढे तो कुणी सांगितला ते लिहा.

आमच्या गटात वर्षानुवर्षं "दहा हजार" हाच आकडा निघतो. कारण सगळ्यांना माहीत आहे. 2021 च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेलं. 2022 च्या उन्हाळ्यात कापसानं दहा-बारा हजार पाहिले. तो भाव आला तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात माल उरलाच नव्हता, हे मात्र कुणी आठवत नाही. सोयाबीनची नवी आवक सुरू झाली तसा भाव खाली आला. कापसाचं तर पुढच्याच हंगामात काय झालं ते अजून ताजं आहे. 2022-23 मध्ये गावोगावी लोकांनी कापूस विकलाच नाही. दहाच्या वर जाईल म्हणून घरात गंजी लावल्या. माणसं वऱ्हांड्यात झोपली आणि कापूस घरात. उन्हाळा लागला तशी लेकरांच्या अंगाला खाज सुटली, पुरळ उठलं, आणि भाव सात-आठ हजारांच्या घरात येऊन बसला. तो सात-आठ हजारांचा भाव काही वर्षांपूर्वी मिळाला असता तर गावानं पेढे वाटले असते. 2023 मध्ये तोच भाव सुतकासारखा वाटला, कारण त्याची तुलना दहाशी होत होती.

म्हणून आकड्यापुढे "पानठेला", "व्हॉट्सॲप", "साळा" असं जे काही खरं असेल ते लिहाच. लिहिल्यावर हसू येतं, आणि तिथेच अर्धा उतार पडतो.

पायरी 2: आपल्या वावराचे तीन आकडे काढा

आता जुन्या काटापट्ट्या काढा. मागच्या पाच वर्षांचं एकरी उत्पन्न लिहा. समजा सोयाबीन असं आलं: 4, 7, 5, 8, 3 क्विंटल. लहानाकडून मोठ्याकडे मांडा: 3, 4, 5, 7, 8. तुमचे तीन आकडे तयार झाले. वाईट साल 3, नेहमीचं साल 5, चांगलं साल 8.

शेजाऱ्याला अकरा झाले असतील. त्याची विहीर आहे, जमीन भारी आहे, किंवा तो थाप मारतो आहे. या वहीत त्याचा आकडा येत नाही.

भावाचंही तसंच. आपण खरंच ज्या महिन्यात विकतो त्या महिन्याचे भाव लिहा, वर्षातला सगळ्यात वरचा भाव नको. शेजारी हमीभाव लिहून ठेवा. 2025-26 च्या हंगामासाठी सोयाबीनचा 5328 रुपये, मध्यम धाग्याच्या कापसाचा 7710 आणि लांब धाग्याचा 8110 रुपये क्विंटल. हमीभाव हा खरेदी केंद्रावरचा भाव. तिथे माल लागला नाही आणि खेडा खरेदीत (गावातच व्यापाऱ्याला) दिला तर तो मिळेलच असं नाही, म्हणून "नेहमीचं साल" त्याच्यावर बेतू नका.

मग नेहमीच्या सालाचं उत्पन्न गुणिले नेहमीचा भाव. घरचा सगळा बेत या रकमेवर करायचा. चांगल्या सालाच्या रकमेवर काहीही ठरवायचं नाही, आणि वाईट सालाची रक्कम आली तर आधी काय थांबवायचं ते आत्ताच लिहून ठेवायचं. डोकं थंड असताना, जूनमध्ये. जानेवारीत असले निर्णय शांतपणे होत नाहीत.

पायरी 3: घरातल्या प्रत्येकाची अपेक्षा वेगळी लिहून घ्या

या पायरीला वेळ द्या. बाकी सगळं घाईत उरकलं तरी चालेल.

एकाच कापसावर घरातल्या सगळ्यांची नजर असते आणि प्रत्येकानं आपापल्या मनात तो आधीच खर्च केलेला असतो. कुणी कुणाला सांगत नाही. सगळ्यांना वाटतं, बाकीच्यांना माहीतच आहे.

एका घरचा हिशेब देतो, आकडे थोडे बदलले आहेत. पाच एकर पऱ्हाटी, म्हणजे कापूस. वडिलांच्या मनात सोसायटीचे 90 हजार आणि कृषी केंद्राचे 40 हजार. आईच्या मनात धाकटीच्या साक्षगंधाचे (साखरपुड्याचे) 60 हजार. सुनेच्या मनात मोरी आणि संडासाच्या बांधकामाचे 35 हजार. थोरल्याला मोटारसायकलच्या पहिल्या हप्त्याला 25 हजार हवे होते, तर धाकटा तलाठी भरतीच्या क्लाससाठी अमरावतीला जाणार, त्याचे 30 हजार. बेरीज 2 लाख 80 हजार.

आता नेहमीचं साल. एकरी 6 क्विंटल म्हणजे 30 क्विंटल, भाव 7 हजार धरला तर 2 लाख 10 हजार. वेचणीचे 30 हजार गेले की हाती 1 लाख 80 हजार.

म्हणजे एक लाखाचं भांडण जूनमध्येच पेरलं गेलं होतं. ते उगवलं असतं जानेवारीत, आणि दोष सरकारला, बायकोला किंवा नशिबाला गेला असता. बोंडअळी आली नसती, पाऊस वेळेवर पडला असता, तरीही हे भांडण झालंच असतं.

वही फिरवताना त्या घरातल्या आई म्हणाल्या, "मले आजवर कोणी इचारलंच नाई. मी म्हणो, पैसे राह्यले असन तं करन हे लोक." मग कळलं की त्यांना 60 हजारांचा आग्रह नव्हताच. पाहुण्यांना शब्द दिला आहे, तो मोडू नये एवढंच होतं. साक्षगंध अक्षय तृतीयेनंतर आणि घरच्या मांडवात करायचं ठरलं. मोटारसायकल कटली. थोरला दोन दिवस कुणाशी बोलला नाही, मग बोलला.

हे करताना दोन गोष्टी सांभाळा. प्रत्येकाचं पान वेगळं ठेवा, आणि लिहीत असताना कुणी मध्ये बोलायचं नाही. वडील "हे कायले पाहिजे?" म्हणाले की सून पुढचं लिहीतच नाही. दुसरं, पैशाबाहेरच्या अपेक्षाही लिहा. "लेकाला नोकरी लागेल", "सोयरीक जुळेल". शेती करणाऱ्या पोराला पोरगी मिळत नाही हा आज गावातला सगळ्यात न बोलला जाणारा ताण आहे. तो कापसाच्या हिशेबात बसत नाही, पण घरातली अर्धी चिडचिड तिथूनच येते. कागदावर आला तर निदान आईबाप आणि पोरगा एकाच गोष्टीबद्दल गप्प आहेत हे तरी कळतं.

पायरी 4: हातातलं आणि हाताबाहेरचं

पान उभं दुमडा. डावीकडे हातातलं, उजवीकडे हाताबाहेरचं. पाऊस, भाव, सरकारचं धोरण उजवीकडे. इथवर सगळ्यांना जमतं. खरं काम पुढे आहे. उजवीकडच्या प्रत्येक काळजीतून डावीकडे काही ओढून आणता येतं का ते पाहायचं.

"बियाणं उगवलंच नाही तर?" ही काळजी घेऊन रात्र काढण्यापेक्षा ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत 100 दाणे मांडा, गुंडाळा, ओल टिकवा, आठवड्यानं मोजा. 70 च्या वर उगवले तर निर्धास्त पेरा, कमी आले तर बियाणं वाढवा किंवा बदला. "दुबार पेरणी आली तर?" याला उत्तर म्हणजे 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होईपर्यंत थांबणं, शेजाऱ्याचं तिफण सुरू झालं तरी. पाऊस हाताबाहेर, थांबणं हातात. "सीसीआय (हमीभावानं कापूस घेणारं भारतीय कापूस महामंडळ) माल परत पाठवेल" या भीतीत ओलावा हातात आहे. 8 ते 12 टक्क्यांत बसला पाहिजे, म्हणून दवात वेचलेला कापूस उन्हात वाळवा. 2025 पासून त्यांच्या खरेदीला 'कपास किसान' ॲपवर नोंदणी लागते, तीही वेळेत करा. ई-पीक पाहणीही लांबणीवर टाकू नका. ऐन वेळी सातबाऱ्यावर पीक दिसत नाही म्हणून होणारा मनस्ताप निव्वळ फुकटचा असतो.

पीक खाणारे रोही (नीलगायी) आणि रानडुकरं मात्र मी अजून कोणत्या रकान्यात टाकावीत ते ठरवू शकलेलो नाही. जागल (रात्रीची राखण) हातात आहे खरी. पण रोज रात्री मचाणावर काढून माणसाची झोप जाते, आणि झोप गेली की बाकीची सगळी वही फुकट. आम्ही पाळ्या लावल्या आहेत. एका माणसानं सलग रात्री जाऊ नये, एवढं तरी पाळा.

पायरी 5: डोक्यात फिरणारं वाक्य पकडा

आता दृष्टिकोनाकडे येऊ. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञानं 1950 च्या दशकात एक उपचारपद्धत मांडली, मराठीत ती कि. मो. फडके यांनी रुजवली. तिचा गाभा असा: घटना आणि आपला त्रास यांच्या मध्ये आपण स्वतःला सांगितलेलं एक वाक्य असतं. इच्छा धरण्यानं माणूस मोडत नाही. इच्छेचा हट्ट झाला की मोडतो.

तुमचं वाक्य जसंच्या तसं लिहा. उदाहरणार्थ: "यंदा भाव मिळालाच पाहिजे, नाही तर गावात तोंड दाखवायला जागा नाही." त्याखाली नवं लिहा: "भाव मिळाला तर फार बरं. नाही मिळाला तर मोटारसायकल रद्द, साक्षगंध पुढे, सोसायटीचं मात्र मार्चच्या आत भरायचं. चार लोक बोलतील, ते ऐकायला वाईट वाटेल."

नवं वाक्य गोड करू नका. "सगळं छान होईल" हे मनाला पटत नाही. वर दिलेल्या नव्या वाक्यात वाईटाला वाईटच म्हटलं आहे, फक्त त्याच्यानंतर उद्या सकाळी काय करायचं तेही आहे. तुमच्या वाक्यात ते नसेल तर पुन्हा लिहा.

लोक कुठे फसतात

सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे अपेक्षाच शून्यावर आणणं. "आपल्याले काय भेटते, काईच नाई" म्हणणारा माणूस शांत दिसतो. पण तो डवरणी (कोळपणी) चुकवतो, खत टाकत नाही, बँकेत जात नाही. हे समाधान नव्हे. असं बोलणं दोन-तीन आठवडे टिकलं तर पुढची पायरी नीट वाचा.

स्टेटसवरची पऱ्हाटी पाहू नका. शंभर बोंडांच्या झाडाचा फोटो सगळे टाकतात, धुऱ्यावरच्या वाळलेल्या ओळीचा कुणी टाकत नाही.

दारू आणि खर्ऱ्यानं तासभर बरं वाटतं. दारूची झोप मध्येच तुटते आणि सकाळी काळजी व्याजासकट परत येते.

आणि ही पद्धत दुसऱ्याला उपदेश म्हणून वापरू नका. ज्याच्या दारात वसुलीवाले उभे आहेत त्याला "तुझा दृष्टिकोन चुकतो" म्हणणं क्रूरपणा आहे. त्याच्याबरोबर बँकेत जा, कर्जाच्या पुनर्गठनाचा (हप्ते नव्यानं बांधून घेण्याचा) अर्ज लिहून द्या. वही नंतर.

पायरी 6: वही पुरत नाही तेव्हा

दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, भूक नाही, कशातच मन लागत नाही, बैलांकडेसुद्धा बघावंसं वाटत नाही, तर हा ताण राहिलेला नाही. नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहे. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम चालला होता, गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या मदतीनं. त्याचे निष्कर्ष 2017 मध्ये छापून आले. आधी नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम 4.3 टक्के लोक मदत घेत होते, नंतर ते प्रमाण 27.2 टक्क्यांवर गेलं. दारापर्यंत कुणी आलं तर माणसं बोलतात.

- टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फोन 14416. रात्रंदिवस, फुकट, मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे.
- जिल्हा रुग्णालयाचा मनोविकार विभाग. जाताना आधार कार्ड, जुन्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि घरातलं एक माणूस सोबत. "वेड्याच्या डॉक्टरकडे" जातो असं गाव म्हणेल, तर झोपेच्या डॉक्टरकडे जातो म्हणा.
- गावातली आशाताई. कुठल्या दिवशी कोण डॉक्टर असतो हे तिला विचारा, फेरी वाचते.

घरातलं कुणी "माझ्या मागे असं करा" अशा भाषेत बोलू लागलं, अचानक देणीघेणी मिटवू लागलं, तर सरळ विचारा: जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का? विचारल्यानं कल्पना सुचत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्या माणसाला एकटं सोडू नका, 14416 ला लावा, धोका समोर दिसत असेल तर 108 ची रुग्णवाहिका बोलवा. फवारणीची औषधं कायम कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे. घरात सगळं ठीक असलं तरी ठेवा. पोलिसांच्या भीतीनं दवाखाना टाळू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरलं जातं, आणि तिला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे.

पायरी 7: उलंगवाडीनंतर पुन्हा वही उघडा

शेवटची वेचणी झाली, माल विकला, की खरा आकडा तिन्ही आकड्यांच्या शेजारी लाल पेनानं लिहा. सहावं वर्ष जोडलं गेलं की सगळ्यात जुनं खोडा आणि पुन्हा क्रम लावा. घरच्यांची पानं त्यांनाच वाचायला द्या. कुणाचं काय झालं, कुणाचं राहिलं ते त्यांनीच सांगावं. राहिलेलं पुढच्या वर्षीच्या यादीत सगळ्यात वर जातं, असा आमचा नियम आहे. त्या घरातल्या सुनेची मोरी अशीच दुसऱ्या वर्षी पहिल्या नंबरावर आली.

एक बारीक गोष्ट राहिली. काटापट्टीचा कागद हल्ली चकचकीत असतो, उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवला की अक्षरं उडून जातात. विकल्या दिवशीच वजन, ओलावा आणि भाव वहीत उतरवून घ्या आणि पट्टीची झेरॉक्स मारून ठेवा.